सनी रॉलिन्स ऐकायला कुठून सुरुवात करावी? (आणि तो पूल)

मांडवी

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात पुण्याहून पणजीला निघालो होतो. आंबोलीत धुकं उतरलं, समोरचं काही दिसेना, गाडी बाजूला घेतली. मैत्रिणीच्या फोनवर काहीबाही वाजत होतं, त्यात हे आलं. आधी नुसते ड्रम, मग एक सॅक्सोफोन, इतकी साधी, नाचरी चाल की लहान मुलांचं गाणं वाटावं. आणि मग तो माणूस त्या चालीतून बाहेर पडून दोनच सुरांशी खेळत बसला. दोन सूर. पुन्हा तेच दोन, जरा सरकवून. पुन्हा. धुकं गेलं तरी आम्ही तिथेच बसून होतो. 'सेंट थॉमस', वाजवणारा सनी रॉलिन्स.

मी चौदा वर्षं ख्याल शिकते आहे. जॅझमधलं मला काहीही कळत नाही. घरी येऊन वाचलं, तर हा माणूस १९५९ साली, ऐन बहरात, मैफली आणि ध्वनिमुद्रणं सगळं बंद करून न्यूयॉर्कच्या एका पुलावर रियाज करायला गेला. दोन वर्षं! तेव्हा तो अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा होता.

तर प्रश्न दोन. पहिला, कुठल्या क्रमाने ऐकू? दुसरा जास्त छळतो आहे: त्या दोन वर्षांनी वाजवण्यात काय बदललं? कानाला कळतं का ते?

गिरगावकर

मांडवीताई, दार योग्य उघडलंत. ज्या रेकॉर्डवर 'सेंट थॉमस' आहे तीच पहिल्यांदा संपूर्ण ऐका: 'सॅक्सोफोन कोलोसस', २२ जून १९५६. पाचच तुकडे आहेत. पियानोवर टॉमी फ्लॅनगन, बासवर डग वॉटकिन्स, ड्रमवर मॅक्स रोच. ध्वनिमुद्रण रूडी व्हॅन गेल्डरने न्यू जर्सीत हॅकेन्सॅकला केलं. त्याचा स्टुडिओ म्हणजे आईवडिलांच्या घरातली बैठकीची खोली!

तुम्हाला चाल लहान मुलांच्या गाण्यासारखी वाटली ते बरोबरच आहे. रॉलिन्सचे आईवडील कॅरिबियनमधल्या व्हर्जिन बेटांवरचे. ही चाल त्याने लहानपणी आईकडून ऐकलेली. सेंट थॉमस हे तिथल्याच एका बेटाचं नाव.

आता एक गोष्ट सांगतो, ती कळल्यापासून मला ही रेकॉर्ड वेगळी ऐकू येते. रॉलिन्स आणि रोच तेव्हा ट्रंपेटवादक क्लिफर्ड ब्राउनबरोबर एकाच बँडमध्ये होते. या ध्वनिमुद्रणानंतर चौथ्या दिवशी, २६ जूनला, ब्राउन मोटार अपघातात गेला. वय पंचवीस. त्यांचा पियानोवादक रिची पॉवेलही त्याच गाडीत होता. 'सेंट थॉमस'मध्ये इतका निर्भर आनंद आहे, आणि ती माणसं कशाच्या उंबरठ्यावर उभी होती.

शेवटचा_डबा

वाचनखूण साठवली. कर्जत लोकलमध्ये ऐकणार.

सुतारपक्षी

क्रमाबद्दल गिरगावकरांना अनुमोदन. दुसऱ्या प्रश्नाबद्दल मात्र मला स्पष्ट लिहायचं आहे.

पुलाची गोष्ट गोड आहे, म्हणून सगळे तीच सांगतात. पण परत आल्यावर १९६२ मध्ये 'द ब्रिज' ही रेकॉर्ड आली, तेव्हा कित्येक समीक्षकांचा हिरमोड झाला होता. या दोन वर्षांत सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने न्यूयॉर्कला येऊन सुरावटीचे जुने बांध फोडले होते, दुसरा सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन कुठल्या कुठे पोचला होता. लोकांना वाटत होतं, रॉलिन्स पुलावरून क्रांती घेऊन उतरेल. आणि त्याने वाजवली काय, तर बहुतेक जुनीच लोकप्रिय गाणी. मला ही रेकॉर्ड आवडते. पण 'दोन वर्षांच्या तपश्चर्येचं फळ' म्हणून ऐकायला बसलात तर कान भलतंच शोधत राहतील. आधी वाजवणं ऐका, चरित्र मागाहून.

तानपुरा

सुतारपक्षी, तुमचं शेवटचं वाक्य मान्य. मधलं नाही.

रियाज कशासाठी करतात? नवीन काही सापडावं म्हणून, असं बाहेरच्याला वाटतं. माझे गुरुजी रोज पहाटे एकच खर्ज लावायचे. साठाव्या वर्षीही. त्यातून त्यांचं गाणं 'बदललं' का? नाही. ते स्वतःचं राहिलं. रॉलिन्सने स्वतः सांगितलेलं कारण असंच आहे. नाव वाजवण्यापेक्षा मोठं झालं, लोक ज्या अपेक्षेने येतात ती आपण पुरी करत नाही, असं त्याला आतून वाटत होतं. श्रोत्यांना ते जाणवत नव्हतं, समीक्षक कौतुकच करत होते. जाणवत होतं ते एकट्या त्याला. अशा वेळी हातातली कामं सोडायला काय लागतं, ते ज्यांनी कधी वाद्य हातात धरलं आहे त्यांना कळेल.

जर्सीचा_पाहुणा

मी नोकरीनिमित्त एकवीस वर्षं इकडे आहे. रॉलिन्सचा तो पूल म्हणजे विल्यम्सबर्ग पूल, मॅनहॅटनच्या डिलान्सी स्ट्रीटवरून ब्रुकलिनला जाणारा. १९०३ सालचा, सगळा पोलादाचा. मी दरवर्षी एकदा मुद्दाम चालून येतो. मधून मेट्रोची गाडी जाते. ती आली की पायाखालचं लोखंड थरथरतं आणि शेजारच्याशी बोलता येत नाही. खाली नदीवर बोटींचे भोंगे. हिवाळ्यात वारा असा की हातमोज्यांतही बोटं बधिर.

रॉलिन्स जवळच ग्रँड स्ट्रीटवर राहायचा. शेजारी एक गरोदर बाई होती, तिला त्रास नको म्हणून घरात वाजवणं त्याला प्रशस्त वाटेना. एकदा सहज फिरता फिरता पूल सापडला. तिथे कितीही मोठ्याने वाजवा, कुणाची झोप मोडत नाही. मग उन्हाळा असो की बर्फ, कधी कधी पंधरा-पंधरा तास. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मधोमध उभा राहून नुसतं 'आ' लावून पाहिलं. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना. त्या गोंगाटात ज्याचा सूर टिकला, त्याला सभागृहात माइकची काय भीती!

पुलाला त्याचं नाव द्यावं म्हणून इथल्या चाहत्यांची मोहीमही आहे.

शेवटचा_डबा

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगा ट्रंपेट शिकतोय. सेक्रेटरींना या धाग्याची प्रिंट काढून देतो. खाडीपूल जवळच आहे. :)

चाफा

@शेवटचा_डबा, त्याला गच्चीची किल्ली द्या की! वर्षभराने तुम्हीच धागा काढाल.

निवृत्त_मास्तर

मला पुलाच्या आधीची वर्षं महत्त्वाची वाटतात. त्यांविषयी लिहितो.

जॅझ म्हटलं की नशा आणि अकाली मृत्यू, हे समीकरण आपल्याकडच्या लेखांत इतकं पक्कं झालं आहे की वाचणाऱ्याला वाटावं, सुई टोचली म्हणून सूर आला. रॉलिन्स हार्लेममध्ये वाढलेला, सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचा भक्त. पार्कर हेरॉइन घेतो म्हणून त्या पिढीतल्या कितीतरी पोरांनी घेतलं. रॉलिन्सनेही. त्यापायी १९५० मध्ये सशस्त्र चोरीच्या आरोपात सापडला, रायकर्स बेटावरच्या तुरुंगात दहा महिने काढले. सुटला, पुन्हा आत गेला.

जानेवारी १९५३ मध्ये ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या एका ध्वनिमुद्रणात पार्कर आणि रॉलिन्स दोघेही टेनर सॅक्सोफोन वाजवत होते. पार्करने त्याला विचारलं, तू आता घेत नाहीस ना? रॉलिन्स म्हणाला, नाही. ते खोटं होतं आणि त्याच दिवशी पार्करला ते कळलं. पार्करचा पडलेला चेहरा रॉलिन्स पुढे कधीच विसरला नाही. आपल्याला बघून ही मुलं बिघडली, हे ओझं पार्कर वाहत होता, हे त्याला त्या दिवशी दिसलं. पुढे तो केंटकीत लेक्सिंग्टनच्या सरकारी रुग्णालयात स्वतःहून दाखल झाला आणि व्यसन सोडून बाहेर पडला. पार्करला सांगायचं होतं, बघा, मी सुटलो. पण पार्कर १२ मार्च १९५५ लाच गेला होता. चौतीस वर्षांचा.

रुग्णालयातून आल्यावर रॉलिन्स शिकागोत राहिला, साफसफाईची कामं केली. क्लबात गेलं की जुने सोबती भेटतील, हात पुन्हा तिकडे वळेल, याची भीती. ती पार केली आणि मग १९५६ ची ती रेकॉर्ड. तिच्यातला आनंद शुद्धीवर असलेल्या माणसाचा आहे. मला ते फार मोठं वाटतं.

मांडवी

मास्तर, हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसंच वाटेना. गुरूशी खोटं बोलणं आणि मग खरं सांगायला गुरूच नसणं.

सुतारपक्षी

मास्तरांचा प्रतिसाद वाचून 'चरित्र मागाहून' हे माझं म्हणणं थोडं मागे घेतो. थोडंच. :)

गिरगावकर

अवांतर आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी रॉलिन्सना प्रत्यक्ष ऐकलंय. १९७८, पहिली जॅझ यात्रा, म्हणजे मुंबईतला जॅझ महोत्सव, धोबी तलावचं रंगभवन. निरंजन झवेरी आणि मंडळींनी भरवलेली. मी तेव्हा कॉलेजात. तिकीट मोठ्या भावाने काढलेलं, त्याला आयत्या वेळी ड्यूटी लागली म्हणून माझ्या वाट्याला आलं. कोण रॉलिन्स ते ठाऊक नव्हतं. उघड्यावरचं नाट्यगृह, फेब्रुवारीची रात्र.

काय वाजवलं ते विचारू नका, मला नावं माहीत नव्हती. एवढं आठवतं की हा उंच माणूस वाजवताना एका जागी उभाच राहत नव्हता. बाकीचे थांबले तरी हा एकटा वाजवत राहिला, आणि एकट्याच्या वाजवण्यातसुद्धा ठेका ऐकू येत होता. गिरगावात चालत आलो, रात्रभर झोप नाही. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातल्या मैफली बंद पडल्या. आजही तिथून जाताना मान आपोआप वळते.

चाफा

काका, तुम्ही इतकी वर्षं या फोरमवर आहात आणि हे आज सांगताय? वेगळा धागा पाहिजे!

आणि मुंबईचं नातं निघालंच आहे तर: रंगभवनच्याही आधी, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात, रॉलिन्स पवईला येऊन राहिला होता. स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात. पुन्हा एकदा सगळं थांबवून. पुलावरचं थांबणं सगळ्यांना माहीत असतं, हे दुसरं कमी जणांना. १९६६ नंतर त्याने कित्येक वर्षं रेकॉर्ड केली नाही, पुढची केली ती थेट १९७२ ला. या मधल्या काळात जपान, भारत, योग, वेदान्त. तिथली एक गोष्ट त्याने सांगितलेली आहे: डोळे मिटून ध्यानाला बसलं की मन लागत नाही, अशी तक्रार त्याने केली, तर त्याला सांगण्यात आलं की तू वाद्य वाजवतोस तेव्हा तुझं ध्यानच चाललेलं असतं. माझं माहेर पवईचं. लहानपणी त्या आश्रमावरून शाळेची बस जायची. कुणीच कधी सांगितलं नाही हो.

नदीकाठ

अवांतरात माझी भर. मुंबईच्या जॅझविषयी बोलताना गोव्याच्या वादकांना विसरून चालणार नाही. चिक चॉकलेट, म्हणजे हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ, ट्रंपेटवादक. त्यांना 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात ते महत्त्वाचे होते. 'अलबेला'तल्या 'शोला जो भडके'मध्ये तो ठेका आणि ते ट्रंपेट ऐका. मराठी घराघरांत ते गाणं वाजलं, पण त्यातलं ट्रंपेट कुणाचं हे किती जणांनी विचारलं? या मंडळींनी हॉटेलांत रात्र रात्र खरं जॅझ वाजवलं, त्याचं ध्वनिमुद्रण फारच थोडं उरलंय. रॉलिन्सचं नशीब हे की हॅकेन्सॅकच्या त्या बैठकीच्या खोलीत कुणीतरी यंत्र चालू ठेवलं होतं.

तानपुरा

नदीकाठ, +१. हे शेवटचं वाक्य जिव्हारी लागलं.

धाग्याच्या विषयावर येऊ. मांडवी, तुम्ही ख्यालवाल्या, म्हणून सांगतो: 'सॅक्सोफोन कोलोसस'मधला शेवटचा तुकडा, 'ब्लू सेव्हन'. अकरा मिनिटं. तुम्ही 'दोन सुरांशी खेळत बसला' म्हणालात, तेच इथे मोठ्या पटावर आहे. एक छोटा तुकडा उचलायचा आणि त्याचीच बढत करायची. तो उलटायचा, तोडायचा, अर्धा ठेवून गप्प बसायचं, ऐकणाऱ्याने उरलेला मनात पुरा केला की मग वेगळंच काढायचं. गंथर शूलर या संगीतकाराने १९५८ मध्ये या एका तुकड्यावर मोठा लेख लिहिला होता आणि दाखवलं होतं की पूर्ण वादन एका सूत्रात ओवलेलं आहे. गंमत अशी की तो वाचून रॉलिन्स अवघडला. आपण नकळत करतो ते कुणी नकाशा काढून दाखवलं की पाय अडखळतात. पुढे त्याने स्वतःवरचं लिखाण वाचणंच टाळायचं ठरवलं.

सुतारपक्षी

तानपुरा, 'बढत' शब्द मोहात पाडणारा आहे, पण जपून. रागात सूर ठरलेले आणि षड्ज स्थिर. इथे खाली चार मात्रांच्या मापाचे बारा तुकडे फिरत असतात आणि त्यांबरोबर स्वरमेळ (कॉर्ड) बदलत असतो. वादक एका जागी उभा नाही, त्याच्या पायाखालची जमीन दर काही क्षणांनी सरकते. तरीही तोच छोटा तुकडा त्याने प्रत्येक जमिनीवर बसवला, यात कसब आहे. आपल्या तुलनेत ते कसबच झाकलं जातं.

तानपुरा

सरकत्या जमिनीचं मान्य. पण आवर्तन आहे, सम आहे, आणि समेवर यायचं की तिला हुलकावणी द्यायची हा खेळही आहे. रॉलिन्स हुलकावणीचा बादशहा. म्हणूनच ख्यालवाल्याला तो कोल्ट्रेनच्या आधी पोचतो.

सुतारपक्षी

हे शंभर टक्के! मग तुमच्यासाठी पुढची पायरी: पियानोशिवायच्या रेकॉर्ड. 'वे आउट वेस्ट' (मार्च १९५७), बासवर रे ब्राउन आणि ड्रमवर शेली मॅन. तिघेही दिवसभर इतरत्र गुंतलेले, म्हणून ध्वनिमुद्रण पहाटे तीनला सुरू झालं. मुखपृष्ठावर रॉलिन्स काउबॉयच्या टोपीत. आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला 'व्हिलेज व्हॅनगार्ड' क्लबात केलेलं थेट ध्वनिमुद्रण, ड्रमवर एल्विन जोन्स. पियानो स्वरमेळ वाजवून जमीन दाखवत असतो. तो काढला की सॅक्सोफोनवाल्याने जमीन स्वतःच सुचवायची आणि तिच्यावर चालायचंही. ख्यालवाल्यांना ही मोकळीक लगेच कळते.

जर्सीचा_पाहुणा

सुतारपक्षींच्या पहिल्या प्रतिसादाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. 'द ब्रिज'मध्ये क्रांती नाही म्हणता, ठीक. पण त्याच १९६२ च्या जुलैमध्ये रॉलिन्सने ऑर्नेट कोलमनचेच सोबती डॉन चेरी (कॉर्नेट) आणि बिली हिगिन्स (ड्रम) यांना बरोबर घेतलं आणि 'अवर मॅन इन जॅझ' ही थेट मैफल मुद्रित केली. त्यात 'ओलिओ' ही स्वतःची जुनी रचना पंचवीस मिनिटं वाजवली आहे, आणि ती पार उसवून टाकली आहे. पुलावरून उतरल्यावर आधी जुन्या गाण्यांत स्वतःचा आवाज तपासला आणि मग सहा महिन्यांत उडी. मला तर हा क्रम फार समजूतदार वाटतो.

सुतारपक्षी

ही रेकॉर्ड मी विसरलोच होतो. पटलं. आज रात्री काढतो.

नीलमोहर

रॉलिन्सची माझी आवडती आठवण वेगळीच: १९८६ साली न्यूयॉर्क राज्यात, दगडाच्या एका जुन्या खाणीत त्याचा कार्यक्रम होता, चित्रीकरण चाललेलं. वाजवता वाजवता कठड्यावरून खाली उडी मारली आणि टाच मोडली. आडवा पडला. लोक घाबरले, आणि पाठीवर पडल्या पडल्या त्याने वाजवणं पुन्हा सुरू केलं!

शेवटचा_डबा

'सेंट थॉमस' कर्जत लोकलमध्ये ऐकलं. मधल्या ड्रमच्या तुकड्यानंतर चाल बदलते तिथे मी नेरळला उतरायचं विसरलो. भिवपुरीवरून परत आलो. आनंद आहे.

निवृत्त_मास्तर

एक उत्तरार्धातली रेकॉर्ड सुचवतो. ११ सप्टेंबर २००१ ला रॉलिन्स त्या जुळ्या मनोऱ्यांपासून काही चौकांवर, एकोणचाळिसाव्या मजल्यावर राहत होता. दुसऱ्या दिवशी इमारत रिकामी करायला लावली, तेव्हा सॅक्सोफोन घेऊन जिना उतरला. वय एक्काहत्तर. १५ तारखेला बॉस्टनला मैफल ठरलेली होती. त्याला जायचं नव्हतं, पत्नी ल्युसिल म्हणाली जायचं. ती मैफल एका चाहत्याने श्रोत्यांत बसून गुपचूप मुद्रित केली होती, म्हणून आज आपल्याला ऐकायला मिळते. २००५ मध्ये ती रीतसर निघाली. तोवर ल्युसिल गेली होती.

सुरुवातीलाच 'विदाउट अ साँग' आहे. १९६२ च्या 'द ब्रिज'चा पहिला तुकडाही हाच. मांडवी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी ही दोन वादनं पाठोपाठ ऐकून बघा.

मांडवी

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहिते आहे. मधे परीक्षा होत्या, पण रोज रात्री ऐकत होते.

मास्तरांनी सांगितलं तसं केलं. १९६२ चं 'विदाउट अ साँग' आवरलेलं आहे. जिम हॉलची गिटार हलकेच साथ देते आणि रॉलिन्स एकेक सूर मोजून ठेवतो. २००१ चं अजिबात आवरलेलं नाही. सूर खरखरीत, काही ठिकाणी दम अपुरा, आणि तरी तो संपवायलाच तयार नाही. सुतारपक्षी, दोन वर्षांत काय बदललं ते मला अजूनही नेमकं सांगता येणार नाही. पण १९५६ चा रॉलिन्स खोलीतल्या सगळ्यांना हसवतो, आणि 'द ब्रिज'मधला कुणाच्या हसण्याची वाट बघत नाही, एवढं माझ्या कानाला कळलं.

गुरुजींनाही 'ब्लू सेव्हन' ऐकवलं. ते डोळे मिटून ऐकत होते, बोटांनी मात्रा मोजत होते. सातव्या-आठव्या मिनिटाला, जिथे तो अर्धा तुकडा टाकून गप्प होतो, तिथे त्यांच्या तोंडून 'क्या बात' निघून गेलं. संपल्यावर विचारलं, "हा कुणाकडे शिकला?" मी म्हटलं, ऐकून ऐकून, आणि पुलावर. तर म्हणाले, उद्या ये तेव्हा याचं आणखी काही घेऊन ये.

तर उद्यासाठी काय नेऊ? 'वे आउट वेस्ट' की व्हॅनगार्ड?

तानपुरा

व्हॅनगार्ड. आणि गुरुजींना आधी सांगा की पियानो नाही. मग ते एल्विन जोन्सचा डावा हात ऐकतील.